व्हायरल लोड 'नॉट डिटेक्टेड', पण विषाणू पेशीतून पेशीत हातोहात जात असेल तर?

वारणाकाठ विचारतात:

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रावर, समुपदेशक आहे. अकरा वर्षं झाली. शिक्षण समाजकार्याचं, त्यामुळे विज्ञानाची गाडी बारावीला जिथे थांबली तिथेच उभी आहे. कुणी हसू नका.

आमच्याकडे एक पेशंट येतात. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलते. पंचेचाळिशीचे शेतकरी, ऊस आणि थोडी हळद. गोळी एक दिवस चुकवत नाहीत. वर्षातून एकदा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूची मोजणी, होतो आणि सलग कितीतरी वर्षं रिपोर्ट एकच, 'नॉट डिटेक्टेड'. बायकोची तपासणी दर वेळी निगेटिव्ह. आमच्या भाषेत आदर्श पेशंट. गेल्या महिन्यात खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "म्याडम, तुमीच सांगता रक्तात काय न्हाई. मग ही गोळी मी कुणाला मारायला खातोय?"

मी नेहमीचं उत्तर दिलं, विषाणू शरीरात लपून बसलेला असतो. तर म्हणाले, "कुठं लपतो? हाय का काय गाव त्येचं?"

मला गाव सांगता येईना. घरी येऊन मोबाईलवर वाचत बसले आणि भलतंच सापडलं. एचआयव्ही म्हणे रक्तात न उतरताच एका पांढऱ्या पेशीतून शेजारच्या पांढऱ्या पेशीत थेट जातो. दोन पेशी चिकटतात आणि मधल्या मध्ये देवाणघेवाण होते. तेव्हापासून झोप उडाली आहे. आमच्याकडे रक्ताची नळी आली की टेक्निशियन ती मशीनमध्ये फिरवतो, वरचा पिवळा प्लाझ्मा काढून थंड डब्यातून पुढे पाठवतो आणि खालच्या पेशी टाकून देतो. म्हणजे विषाणू ज्या वाटेने जातो ती वाट आपण कचऱ्याच्या पिशवीत घालतो आणि उरलेल्या पाण्यात शोधतो, असंच ना? मग हा रिपोर्ट कितपत खरा? माझ्या खुर्चीमागे भिंतीवर 'आढळत नाही म्हणजे पसरत नाही' असं पोस्टर आहे. त्याच्याखाली बसून मी रोज वीस जणांना हेच सांगते. त्यांच्या बायकोला काय सांगू?

सोप्या मराठीत सांगणारं कुणी असेल तर उपकार होतील.

स्पष्टवक्ता:

ताई, तुम्हीच उत्तर दिलंय की. पेशीत लपतो, प्लाझ्मात शोधतात, म्हणजे रिपोर्ट फसवा. पोस्टरं छापणाऱ्यांचं पोट त्यावर चालतं. एवढं साधं आहे.

फिकॉल_काकू:

वारणाकाठ, तुमच्या टेक्निशियनने टाकून दिलेल्या पेशींपासूनच सुरू करते, कारण माझी सगळी नोकरी त्या पेशींवर झाली. मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञही नाही. पुण्यात एका प्रयोगशाळेत टेक्निशियन होते, सतरा वर्षं एचआयव्हीच्या कल्चरवर, म्हणजे फ्लास्कमध्ये पेशी ठेवून विषाणू वाढवण्यावर. आता निवृत्त. स्पष्टवक्ता यांच्याकडे शेवटी येते.

आमचं काम असं. पेशंटचं रक्त फिकॉल नावाच्या साखरपाण्यासारख्या द्रावावर अलगद सोडायचं आणि फिरवायचं. खाली लाल पेशी बसतात, वर पिवळा प्लाझ्मा राहतो, आणि मधे दुधावरच्या पातळ सायीसारखं एक पांढरट कडं दिसतं. त्यात आपल्या सीडी४ (एचआयव्ही ज्यांत शिरतो त्या पांढऱ्या पेशी) वगैरे पेशी. ते कडं पिपेटने उचलायला हात बसावा लागतो, मला सहा महिने लागले. मग एखाद्या निरोगी रक्तदात्याच्या पेशी घ्यायच्या, त्यांना राजम्यातून काढलेलं एक प्रथिन देऊन जागं करायचं (हो, राजमाच, कच्चा राजमा पोटाला का बाधतो ते त्यातूनच कळतं), आणि दोन्ही पेशी एका फ्लास्कमध्ये एकत्र ठेवायच्या. ३७ अंश तापमान. आठवड्यातून दोनदा निम्मं पाणी बदलायचं. सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या दिवशी पी२४ मोजायचं. पी२४ म्हणजे विषाणूच्या आतल्या कवचाचं प्रथिन. ते चढलं की विषाणू उगवला.

नवीन असताना मी विचारलं होतं, एवढा खटाटोप कशाला, प्लाझ्माच ओतू की. आमच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, "प्लाझ्मातून कधीमधी उगवतं. पेशींतून उगवतं." आणि दुसरा नियम: फ्लास्क हलवायचा नाही. पेशी तळाशी बसू द्यायच्या. गोल तळाच्या प्लेटमध्ये तर त्या मोहरीएवढ्या पांढऱ्या ठिपक्यात गोळा होतात. तो ठिपका मोडायचा नाही. का, ते कुणी सांगितलं नाही. लोणच्याच्या बरणीला ओला हात लावायचा नाही, तसा नियम.

मग एकदा घोटाळा झाला. एक मुलगा नवीन आला होता, आधी बॅक्टेरियावर काम केलेला. बॅक्टेरिया वाढवायचे तर फ्लास्क रात्रभर घुसळत ठेवतात, हवा मिळावी म्हणून. याने आमचे चार फ्लास्क एका डुलत्या फळीवर चढवले. बिचाऱ्याने अगदी मंद ठेवली होती, पाळणा हलावा तशी. दोन फ्लास्क फळीवर मावले नाहीत म्हणून कोपऱ्यात उभे राहिले. माझ्या लक्षात यायला पाच दिवस गेले. मी ओरडले ती आधी सांडण्याच्या भीतीने, कारण त्या खोलीत एक थेंब सांडला तरी कागदपत्रांचा ढीग होतो. पण नंतर पी२४ लावलं तर उभ्या फ्लास्कमध्ये नेहमीसारखं चढलेलं, आणि डुलणाऱ्या चारही फ्लास्कमध्ये जवळजवळ काहीच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मस्त, गोल, चकचकीत. मेलेल्या नव्हत्या. विषाणू तेवढा पसरला नव्हता.

आम्ही ते 'खराब बॅच' म्हणून खोडलं. २००७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या लोकांनी नेमकं हेच मुद्दाम, नीट मोजून केलेलं वाचलं. लिम्फोसाइट (सीडी४ ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या) पेशींचं कल्चर हलकं हलवत ठेवलं की एचआयव्हीचा फैलाव बसतो, कारण पेशींना एकमेकींना धरून राहायला सवड मिळत नाही. आमची खोडलेली ओळ आठवून मी डोक्याला हात लावला.

आता हे का होतं. विषाणू पेशीपेक्षा शंभरेकपट लहान. सुटा निघाला की आपल्याला हवी ती पेशी भेटेपर्यंत नुसता वाहत राहणार. त्याच्या अंगावर पेशीला धरायचे काटे सरासरी चौदाच. रक्तात तो काही तासांत निम्मा संपतो. पण ज्या पेशीत तो तयार होतोय तिच्या अंगावरही तेच काटे उगवलेले असतात. शेजारून निरोगी सीडी४ पेशी गेली की काटा तिच्या अंगावरच्या सीडी४ नावाच्या प्रथिनाला अडकतो. दोघी थांबतात. एरवी एकमेकींना धरायला वापरतात ती चिकट प्रथिनं वापरून घट्ट बिलगतात. मग लागण झालेली पेशी आतला सगळा माल त्या सांध्याकडे सरकवते. २००९ मध्ये न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातल्या दोन गटांनी विषाणूला चमकणारा हिरवा रंग जोडून हे चित्रित केलं. आम्ही पाच-सहा जणी कँटीनच्या वेळेत एका कॉम्प्युटरभोवती उभ्या राहून पाहत होतो. पेशीच्या पृष्ठभागावर पसरलेले हिरवे ठिपके सरकत सरकत सांध्याशी येतात, शर्टाच्या गुंडीएवढा एक झगझगीत ठिपका बनतो, आणि मग त्याचे तुकडे पलीकडच्या पेशीच्या पोटात दिसू लागतात. कुणी बोललं नाही. एवढी वर्षं आम्ही जो ठिपका मोडायचा नाही म्हणून जपत होतो, त्यात हे चालू होतं.

ही बिलगण्याची सवय विषाणूने शिकवलेली नाही, हं. प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना भेटून, चिकटूनच निरोप देतात. कुठला जंतू शिरला, कुणी लढायचं, सगळं अंगाला अंग लावून. विषाणू त्यांच्या याच रिवाजावर जगतो. डेंड्रायटिक नावाच्या पहारेकरी पेशी तर स्वतःला लागण न होताही विषाणू सबंध धरून ठेवतात आणि ज्या सीडी४ पेशीला निरोप द्यायला जातात तिलाच तो देऊन बसतात.

आणि गाव. तुमच्या पेशंटना सांगा, गाव आहे. काखेत, जांघेत, मानेत ज्या गाठी असतात, ज्या सुजल्या की आपण अवधाण आलं म्हणतो, ते गाव. शिवाय आतड्याचं अस्तर. शरीरातल्या लिम्फोसाइट पेशींपैकी एका वेळी रक्तात असतात जेमतेम दोन टक्के, बाकीच्या अशा ठिकाणी दाटीवाटीने. १९८३ च्या जानेवारीत पॅरिसला बारे-सिनुसी आणि माँताञे यांच्या गटाने हा विषाणू पहिल्यांदा पकडला तो एका पेशंटच्या मानेतल्या गाठीच्या तुकड्यातून, रक्तातून नव्हे. कल्चरमधल्या पेशी मरायला लागल्या तेव्हा त्यांनी रक्तपेढीतल्या रक्तदात्याच्या ताज्या पेशी आणून घातल्या, म्हणून तो हातचा गेला नाही. हातोहात द्यायला शेजारीण मिळाली ना.

आता तुमची खरी काळजी. रिपोर्ट खोटा का? नाही. पंगतीत आमटी हातोहात फिरली तरी सतरंजीवर ठिपके पडतातच. गाठींमध्ये देवाणघेवाण जोरात असेल तर सांडलेला विषाणू प्लाझ्मात दिसतोच दिसतो. उपचार नसलेल्या माणसाच्या अंगात दिवसाला काही अब्ज विषाणू तयार होतात, असा हिशोब १९९६ मध्ये मांडला गेला. आणि ते प्लाझ्मात फार टिकत नाहीत, त्यामुळे आजचा आकडा म्हणजे कालपरवाचा ताजा सांडलेला माल. वर्षानुवर्षं तिथे काही सापडत नसेल तर पंगत उठली आहे. ज्या पेशींमध्ये विषाणूचा मजकूर लिहिलेला आहे त्या आहेत, पण झोपलेल्या.

आणि ती उठली कशाने, हे बघा. टीएलडी या रोजच्या गोळीतली टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही विषाणूला आपल्या आरएनएची डीएनए प्रत काढू देत नाहीत. डोल्युटेग्राविर ती प्रत पेशीच्या गुणसूत्रात शिवू देत नाही. दोन्ही कामं घेणाऱ्या पेशीच्या आत होतात. विषाणू वाहत येऊ दे, शेजारणीने पदराखालून देऊ दे, आत आल्यावर गाठ गोळीशीच. गोळी रस्त्यावर उभी नाही, घरात बसली आहे.

एक खाच आहे, लपवत नाही. हातोहात देताना एक नाही, ढीगभर विषाणू एकदम आत जातात. तेवढ्या गर्दीत एकटं औषध कमी पडू शकतं. २०११ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत हे कल्चरमध्ये दिसलं तेव्हा बरीच चर्चा झाली होती. पण पुढच्या प्रयोगांत दिसलं की औषधं एकत्र दिली की गर्दीही अडते. एका गोळीत तीन औषधं का, ते त्यावरून सांगता येईल पेशंटला.

स्पष्टवक्ता, तुमच्यासाठी दोनच आकडे. एक जोडीदार पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह अशा १,७६३ जोडप्यांचा अभ्यास नऊ देशांत झाला, २०११ मध्ये निकाल आला. त्या जोडप्यांत पुण्याची आणि चेन्नईचीही होती. लवकर औषध दिल्यावर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. नंतर युरोपात २०१६ मध्ये, व्हायरल लोड दबलेला असताना कंडोमशिवाय आलेल्या सुमारे ५८,००० संबंधांचा हिशोब झाला. पॉझिटिव्ह जोडीदाराकडून लागण: शून्य. पोस्टरवालं पोट कुणाचं ते तुम्ही शोधा.

गोदातीर:

काकू, तो शेकरवाला मुलगा आता कुठे आहे?

फिकॉल_काकू:

अमेरिकेत. स्वतःची लॅब आहे त्याची. दिवाळीला फोन करतो. शेकर घेतलास का, हे अजून विचारायचं राहिलंय.

एमएस्सी_नांदेड:

काकू, मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दोन शंका आहेत. आम्हाला शिकवलं की विषाणू सीडी४ पेशीत शिरतो, वाढतो, पेशी फोडून बाहेर येतो, म्हणून काउंट, म्हणजे रक्तातली सीडी४ पेशींची संख्या, घटतो. पण लागण झालेल्या पेशी तर थोड्याच असतात म्हणे, मग काउंट ८०० वरून १०० वर कसा येतो? आणि दुसरं, अँटिबॉडी तर रक्तात भरपूर तयार होतात. त्या का थांबवत नाहीत? पेशी-पेशी संक्रमणाचा याच्याशी संबंध आहे का? परीक्षेत त्या पेशी-पेशींच्या सांध्याला 'व्हायरॉलॉजिकल सिनॅप्स' असा शब्द लिहिला तर चालेल ना?

फिकॉल_काकू:

लिही, मार्क मिळतील. मी कामाला लागले तेव्हा तो शब्दच नव्हता.

काउंटचं असं. तुझ्या पुस्तकातलं चित्र खोटं नाही, अपुरं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेतल्या गटाने टॉन्सिल आणि प्लीहेच्या तुकड्यांवर काम केलं, म्हणजे खऱ्याखुऱ्या गावात. २०१४ मध्ये त्यांनी दाखवलं की तिथे मरणाऱ्या सीडी४ पेशींपैकी ९५ टक्क्यांहून जास्त पेशींमध्ये विषाणू वाढतच नसतो. त्या झोपलेल्या पेशी असतात. विषाणू आत जातो, प्रत काढायला घेतो, पण झोपलेल्या पेशीत कच्चा मालच नसतो, म्हणून काम अर्धवट पडतं. अर्धवट डीएनएचे तुकडे पडून राहतात. पेशीला ते परके तुकडे दिसतात आणि ती स्वतःला पेटवून घेते. गुपचूप मरत नाही, सूज आणणारी रसायनं भसाभस बाहेर टाकत मरते. त्या आरड्याओरड्याने आणखी सीडी४ पेशी तिथे धावत येतात, आणि त्यांचंही तेच होतं.

तुझ्या प्रश्नाचा नेमका धागा त्यानंतरच्या वर्षीच्या कामात आहे. त्याच गटाने सुटा विषाणू भरपूर ओतून पाहिला, तेव्हा हे मरण फारसं झालं नाही. लागण झालेली पेशी शेजारी बसवली, तेव्हा झालं. म्हणजे काउंट खाली ओढणारी गोष्ट ही शेजारणीची मिठी आहे. वाहून आलेला विषाणू त्या मानाने गरीब.

अँटिबॉडीचं थोडक्यात सांगते. अँटिबॉडी बाहेर फिरते, सुट्या विषाणूला गाठते, त्याचे काटे झाकते. दोन पेशी गच्च बिलगल्या असताना, आणि मधून माल ढिगाने जात असताना, तिला झाकायला सवड कमी मिळते. काही अँटिबॉडी सुट्या विषाणूवर झकास चालतात आणि सांध्यावर ढिल्या पडतात, काही दोन्हीकडे बऱ्या चालतात. त्यात विषाणू वेश बदलत राहतो, ती वेगळीच डोकेदुखी. वर वारणाकाठना जे लिहिलं ते यालाच जोडून वाच. अँटिबॉडी दाराबाहेर, गोळी दाराच्या आत.

आणि हो, तुमच्या लॅबमध्ये लिम्फोसाइट वाढवायची वेळ आली तर फ्लास्क हलवू नकोस. बॅक्टेरियावाले आहात, सांगून ठेवते.

फुकुओकाकर:

एरवी मी इथे फक्त वाचतो, पण हा विषय आमच्या घरात घडलेला आहे म्हणून लिहितो. आम्ही जपानच्या क्यूशू बेटावर राहतो. बायको गरोदर असताना इथल्या दवाखान्यात नेहमीच्या तपासण्यांबरोबर एक अनोळखी नाव दिसलं, एचटीएलव्ही-१. मी घाबरून एचआयव्हीच समजलो. नर्सबाईंनी समजावलं की हा त्याचा दूरचा भाऊबंद. बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, थोड्या लोकांना कित्येक दशकांनी रक्ताचा एक कर्करोग किंवा पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा आजार होतो. जपानच्या नैर्ऋत्य भागात हा विषाणू पूर्वीपासून आहे, म्हणून इथे गरोदर बाईची ही तपासणी करतातच. बायकोचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, आम्ही सुटलो. पण मी खाज म्हणून वाचत गेलो.

फिकॉल काकू सांगतात ती गोष्ट या विषाणूत टोकाला गेलेली आहे. एचआयव्ही निदान दोन्ही वाटा वापरतो. हा सुटा असा जवळजवळ फिरतच नाही. प्लाझ्मात शोधलात तर सापडायची मारामार. जातो तो पेशीबरोबर, पेशीतून पेशीत. २००३ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या गटाने हाच विषाणू बघताना तो पेशी-पेशींचा सांधा नीट दाखवला. नांदेडच्या मित्राचा शब्द तिथून रुळला.

याचा पुरावा मला स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये मिळाला. हा विषाणू मुख्यतः आईच्या दुधातून बाळाला जातो, कारण दुधात आईच्या जिवंत लिम्फोसाइट पेशी असतात. महिनोन्महिने अंगावर पाजलं तर पंधरा-वीस टक्के बाळांना लागण होते, वरचं दूध दिलं तर ते प्रमाण तीनेक टक्क्यांवर येतं. नागासाकीत १९८७ पासून अशा आयांना वरच्या दुधाचा सल्ला देणारा कार्यक्रम आहे. आणि ज्यांना आपलंच दूध द्यायचं असतं त्यांच्यासाठी एक मार्ग सांगतात: दूध काढायचं, फ्रीझरमध्ये पूर्ण गोठवायचं, मग वितळवून बाळाला द्यायचं. गोठताना पेशी फुटतात. पेशी मेली की विषाणूची गाडीच गेली. तसंच रक्ताचं. पेशी असलेलं रक्त चढवलं तर लागण होते, गोठवून ठेवलेल्या प्लाझ्मातून होत नाही.

आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "गोठवलेलं दूध लेकराला? तिकडं राहून डोकं फिरलंय तुमचं." निगेटिव्ह आहे हे तिला तीनदा सांगावं लागलं.

(एचआयव्हीला हा फ्रीझरचा उपाय लावू नका कुणी. तो सुटाही फिरतो.)

स्पष्टवक्ता:

५८,००० मध्ये शून्य हे मला माहीत नव्हतं. पोटाचं वाक्य मागे घेतो. बाकी मुद्द्यांवर वाचतोय.

वारणाकाठ:

सगळ्यांचे आभार. काकू, तुमचं उत्तर प्रिंट काढून टेबलाच्या खणात ठेवलंय. आमच्या टेक्निशियनलाही वाचायला दिलं. तो म्हणाला, "म्हणजे मी रोज गावंच्या गावं फेकतोय." मी म्हटलं फेक, वाट्टेल ते मनात आणू नकोस.

काल ते पेशंट आले होते. तीन महिन्यांच्या गोळ्या न्यायच्या होत्या. मी म्हटलं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आणलंय, गाव सापडलं. त्यांना काखेतली जागा दाखवली. सांगितलं की विषाणूचं बियाणं तिथल्या काही पेशींत झोपलेलं आहे, आणि शेजारी पेशी इतक्या दाटीने आहेत की एक जरी जागी झाली तर विषाणूला रक्तात उतरायचीही गरज नाही, हातोहात पुढे जाईल. गोळी थांबली की बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांत परत दिसतो. पंगतीचं उदाहरण द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात तेच म्हणाले, "थांबा थांबा म्याडम. ही तर हरळी."

मला आधी कळेना. मग त्यांनी माझ्या पॅडवर पेनाने काढून दाखवलं. जमिनीखाली आडवी रेघ, रेघेवर पेरं, प्रत्येक पेराला वर कोंब आणि खाली मूळ. "हरळी काय बी उडून पसरती व्हय? खालनं खालनं जाती, पेरापेरानं. उसात वरनं रान साफ दिसतंय म्हणून औषध बंद केलं, की एक पाऊस पडला का हिरवीगार. माझ्या बाऽनं तिच्यापायी अर्धा एकर सोडला हुता."

मी म्हटलं, अगदी तसंच. फक्त हरळी खणून काढता येते, याला अजून कुदळ नाही.

"कुणी काढलीच न्हाई?"

बर्लिनच्या पेशंटची गोष्ट मला माहीत होती, ती सांगितली. रक्ताचा कर्करोग झाला म्हणून २००७ आणि २००८ मध्ये त्या माणसाची अस्थिमज्जा बदलली, आणि ज्याच्याकडून घेतली त्याच्या पेशींवर विषाणूला लागणारी एक कडीच जन्मतः नव्हती. तो सुटला. ते नीट ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे सगळी मातीच बदलली की. एवढं न्हाई परवडायचं. गोळी बरी."

बायको बाहेर बाकावर बसली होती. पहिल्यांदाच ती स्वतः आत आली आणि पोस्टरकडे बोट दाखवून म्हणाली, ह्येचं मला सांगा. तिला काकूंचे दोन आकडे सांगितले. पुण्याची जोडपीही त्यात होती म्हटल्यावर ती जरा सैल बसली. युरोपाचं तिला फारसं काही वाटलं नाही.

पॅडवरचं हरळीचं चित्र मी फाडून ठेवलंय. त्यांनी बाटल्या पिशवीत टाकल्या, वर कोथिंबिरीची जुडी ठेवली, कुणाला दिसू नयेत म्हणून, आणि दोघं एसटीला गेली.